पास्कूमामा मिस्सेतून उठून जातात

आमच्या धर्मग्रामात पास्कूमामा प्रसिद्ध झाले ते मिस्सा अर्धवट टाकून उठून जाण्यामुळे. रविवारी सकाळी सातला चर्चमध्ये मिस्सेची उपासना. वाचनं होतात, प्रवचन होतं आणि अर्पणाचं गाणं सुरू झालं की उजवीकडच्या चौथ्या बाकावरून एक उंच, वाळका म्हातारा उठायचा. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा आपल्या जागेवर चौकडीचा रुमाल टाकायचा आणि मधल्या वाटेनं सगळ्यांच्या देखत सरळ दाराकडे निघायचा. लोक अर्पण घेऊन वेदीकडे निघालेले, हा माणूस त्यांना समोरून येऊन भेटायचा. नव्या फादरांना पहिल्याच रविवारी वाटलं की म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी खूण करून दोन माणसं मागे पाठवली. दोघंही हसत परत आले आणि फादरांच्या कानात म्हणाले, "काही नाही फादर, त्यांना कोणाची तरी आठवण झाली."

आठवण म्हणजे भांडणाची. शुभवर्तमानात प्रभूनं सांगून ठेवलंय, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच राहू दे, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. आम्ही सगळे ते ऐकतो, मान हलवतो आणि घरी जाऊन रविवारचं मटण शिजलं का ते बघतो. पास्कूमामांनी ते बसच्या वेळापत्रकासारखं घेतलं. सांगितलंय ना, मग जायचं.

पूर्वीच्या फादरांनी त्यांना समजावून पाहिलं होतं, की मिस्सेत शांतीची खूण असते, शेजाऱ्याकडे वळून हात जोडायचे, तेवढ्यानं भागतं. मामा म्हणाले, "फादर, शेजारी माझी सख्खी बहीन बसते. तिच्याशी माझं काय भांडन नाय. ज्याच्याशी हाय तो आठव्या बाकावर. त्याला इथून हात जोडले तर त्याला वाटंल, मी छताकडं बघतोय."

आमची घरची बोली वेगळी आहे. ती इथं सगळ्यांना कळेल अशी थोडी सरळ करून लिहितो.

समेट करायचा म्हणजे आधी भांडण लागतं, आणि त्या बाबतीत मामांकडे कधी टंचाई पडली नाही. वय अठ्ठ्याहत्तर. थोडी केळी आणि सोनचाफ्याची झाडं असलेली वाडी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी आखातात नर्स. जिभेला लगाम नाही. सोमवार ते शुक्रवार ते बोलून घ्यायचे आणि शनिवारी दुपारी सायकल काढून माफीच्या फेरीला निघायचे. दारात उभं राहायचं, पायरी चढायची नाही, सायकलची घंटी वाजवायची आणि माणूस बाहेर आला की ठरलेलं वाक्य म्हणायचं: "बोललो, ते चुकलो. तू काय बोललास, ते तुझं तू बघ." एवढं झाल्यावर मग पायरी चढून चहा प्यायचा. शनिवारी जे राहून गेलं, ते रविवारी अर्पणाच्या गाण्याला आठवायचं, असा सगळ्यांचा समज.

पंचाईत अशी, की ज्यांना भांडण झालेलं माहीतच नसायचं, त्यांच्याकडेही ते जायचे. आमच्या आळीतला इनास एका शनिवारी दाढी करत होता. मामा दारात येऊन म्हणाले, बुधवारी नाक्यावर मी तुला चिक्कू म्हटलं, ते चुकलो. इनासला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं साबण लागलेल्या तोंडानं विचारलं, कोणासमोर म्हणालात? खोटं बोलायचं नाही म्हणून मामांनी पाच नावं सांगितली. वर ती पाचही माणसं हसली होती, हेही सांगितलं. इनास त्या पाचजणांशी भांडला, मग मामांशी भांडला, आणि पुढच्या शनिवारी मामांना त्याच्याकडे दोनदा जावं लागलं.

आगाशीच्या रस्त्याला नवी बिल्डिंग झाली, तिथे तिसऱ्या मजल्यावर सावंत राहतात, मूळचे मालवणचे. त्यांची गाडी आमच्या रस्त्यावरच्या क्रुसासमोर लागली म्हणून मामांनी त्यांना नको ते ऐकवलं आणि शनिवारी तीन जिने चढून गेले. सावंतांना वाटलं, सोसायटीच्या पाण्याची तक्रार घेऊन कोणीतरी आलं. त्यांनी आधी टाकी दाखवली, मग पंप दाखवला. मामांचं वाक्य म्हणून होईपर्यंत सावंतवहिनींनी घावणे आणि नारळाचा रस पुढं ठेवला होता. तेव्हापासून मामा महिन्याकाठी सावंतांवर एकदा तरी उखडतात. क्रुसासमोर आता गाडी नसली तरी उखडतात.

पाचूबंदरला एकदा ते कोळणीला बोलले, की हे पापलेट तुझ्यापेक्षा म्हातारं आहे. पुढच्या शनिवारी बस पकडून तिथवर गेले आणि तिला शोधून काढलं. ती म्हणाली, "बाबा, मला रोज शंभर जन बोलतान. तू त्यातला कोन?" मामांनी तिला पापलेटाची खूण सांगितली, वार सांगितला, नेसूच्या लुगड्याचा रंगही सांगितला. तिला काही केल्या आठवेना. शेवटी ती म्हणाली, एवढंच मनाला लागलं असेल तर बांगडे घे. माफी मागायला गेलेला माणूस बांगडे घेऊन आला आणि बांगडे बरे नव्हते असं आळीभर बोलत सुटला. पुढच्या शनिवारी परत बस.

लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होतं, फेरी चालू होती. फाटकाबाहेर तोंडाला रुमाल बांधून उभे राहायचे आणि ओरडून माफी मागायचे. त्या दिवसांत कोण कोणाला काय म्हणालं, हे अख्ख्या आळीला घरबसल्या कळलं.

आता माझं सांगतो. एवढ्या दारांत गेलेला हा माणूस माझ्या दारात मात्र कधी आला नाही. माझं घर त्यांच्या घरापासून चार घरं सोडून. आणि बाकीच्यांचं काय घेऊन बसलात, खरं नुकसान त्यांनी केलं ते माझं.

वालीवला माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रील, गेट, शेड. सुरुवात दुसऱ्याच्या गाळ्यात वेल्डिंगचा धूर गिळत केली, बापानं एक खिळा ठेवला नव्हता. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं आणि मला त्याची लाज नाही. कोरोनाच्या आधल्या वर्षी माझ्या घराला लागून असलेली कोंसूबायची जागेची पट्टी मला हवी होती. ती मिळाली असती तर टेम्पो दारापर्यंत आला असता. कोंसूबाय एकटी, वयस्क. पंधरा दिवस तिच्या ओट्यावर बसून, तिच्या कोंबड्यांची नावं पाठ करून मी भाव ठरवत आणला होता. एका शनिवारी सौदा पक्का करायचा म्हणून आळीतली चार माणसं बोलावली. तेवढ्यात सायकलची घंटी. पास्कूमामा. कोंसूबायच्या कोंबड्यांना चोर म्हटलं होतं, त्याची माफी मागायला. माफी झाली, पायरी चढले, चहा घेतला, आणि आम्ही काय बोलतोय ते ऐकत बसले. भाव ऐकल्यावर बशी खाली ठेवून म्हणाले, "बाय, ह्या भावात तर ह्याला तुझ्या कोंबड्या पन मिळायला नको."

चारही माणसं हसली. कोंसूबायनं पदर सावरला आणि म्हणाली, विचार करून सांगते. पुढच्या वर्षी तिनं ती पट्टी दुसऱ्याला दिली. टेम्पो आजही नाक्यावर उभा राहतो आणि माल हातगाडीवरून येतो.

मला त्या जागेपेक्षा ते हसणं लागलं. मी त्याच ओट्यावर मामांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि वाट बघायला लागलो. हा माणूस कोळणीच्या पापलेटासाठी पाचूबंदरला जातो, माझ्याकडे आल्याशिवाय राहील का? पहिल्या शनिवारी मी गाळ्यावर गेलोच नाही. घंटी वाजली ती सावंतांच्या बाजूला. दुसरा शनिवार गेला, तिसरा गेला. मला जागा नको होती, भरपाई नको होती. ते एक वाक्य माझ्या दारात उभं राहून म्हणायचं, एवढंच माझं मागणं होतं. सहा-सात वर्षं गेली. आळीतले लोक चिडवायचे, सिमाव, मामा जगाकडे गेले, तुझा नंबर कितवा? मी हसायचो आणि घरी येऊन बायकोवर ओरडायचो.

एकदा मी फादरांकडे गेलो आणि त्या वचनाचा नीट अर्थ लावून दाखवला. वचनात म्हटलंय, दुसऱ्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर तू जा. माझ्या मनात मामांविषयी भरपूर आहे. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही असेल असं वाटत नाही. म्हणजे जायची पाळी त्यांची. फादर म्हणाले, वचन वाचायला चष्मा लागतो रे सिमाव, तू टेप घेऊन बसलायस. मी म्हटलं, टेपनं मोजल्याशिवाय मी गेटसुद्धा बनवत नाही.

यंदाच्या उपवासकाळात एका रविवारी फादरांनी प्रवचनाला नेमकं तेच वचन घेतलं. मी शेवटच्या बाकावर बसलेलो. ऐकता ऐकता माझं डोकं तापत गेलं. अर्पणाचं गाणं सुरू झालं, मामांनी रुमाल टाकला, निघाले. ते माझ्या बाजूनं गेले आणि मला वाटलं, बस झालं. आज ज्याच्या दारात जातील त्याच्यासमोरच विचारतो, की माझी पाळी कधी. मी उठलो. बायकोनं शर्ट ओढला. मागून कोणीतरी बोललं, आता दोघं जायला लागले.

मामा सायकलकडे गेले नाहीत. फाटकाकडेही गेले नाहीत. चर्चला वळसा घालून मागे गेले. तिथे कब्रस्तानाच्या भिंतीला लागून जुनी विहीर आहे, तिच्या कठड्यावर बसले. मी कोपऱ्यावर थांबलो. मला वाटलं, दम खात असतील. पण ते उठेनात. आतली मिस्सा लाऊडस्पीकरवरून स्पष्ट ऐकू येत होती. लोक जो प्रतिसाद देत होते, तो हा माणूस बाहेर बसून देत होता, हळू, ओठातल्या ओठात. प्रभूची प्रार्थना उभं राहून म्हणाले. शांतीच्या खुणेला विहिरीकडे वळून हात जोडले. मग कम्युनियनचं गाणं लागलं, म्हणजे साफ मनानं रांगेत जाऊन प्रसाद घ्यायची वेळ झाली, आणि ते परत कठड्यावर बसले, मान खाली घालून.

मी पुढे झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोललो. विचारलं, "कोणाकडे निघालात मामा?"

ते दचकले. मग म्हणाले, "तू कशाला आलास? जा आत. कम्युनियन चुकंल."

"आणि तुमचं?"

"माझं चुकतंच हाय. तुझ्या त्या जागेपासून."

मला आधी वाटलं, ही काहीतरी नवी चाल आहे. पण मी आठवून पाहिलं. खरंच, कम्युनियनच्या रांगेत मी त्यांना कितीतरी वर्षांत बघितलेलं नव्हतं. ते परत यायचे ते थेट शेवटच्या सूचनांना. मामांना प्रवचनापेक्षा सूचना आवडतात, असा आम्ही त्यावर विनोद करायचो.

"दर रविवारी इथं येऊन बसता?"

"शनवारी सगळे साफ करून घेतो. एक तूच राहतोस."

"मग यायचं ना. चार घरं सोडून तर राहतो."

"येऊन काय बोलू?" मामांचा आवाज चढला. "चुकलो म्हनू? चुकलो नाय मी. ती बाय एकटी, तिला भाव ठाऊक नाय. उद्या परत तसं झालं तर परत बोलेन. मग तुझ्या दारात खोटं बोलू? खोटं बोलून मानूस साफ होतो काय?"

मी म्हटलं, फादरांकडे कन्फेशन करून मोकळं व्हायचं. तर म्हणाले, "फादरचं मी काय केलंय?"

"निदान आत तरी बसायचं. बाहेर कशाला यायचं?"

ते कठड्यावर वळले. विहिरीत बघत राहिले. मग म्हणाले, "आत बसून राहिलो असतो तर लोक बोलले असते, पास्कू कम्युनियन का घेत नाय? कोनाशी वाकडं हाय? आळीला किती वेळ लागतो रे. दुसऱ्या दिवशी तुझं नाव घेतलं असतं, ह्याच्यापायी म्हाताऱ्याचं कम्युनियन सुटलं. तुझ्या पोरीचं लग्न ठरत होतं तेवा. उठून गेलेलं बरं. माझ्या उठून जान्याला कोन विचारत नाय."

मला राग आला. असं ऐकल्यावर दुसऱ्या कोणाचे डोळे भरले असते. मला राग आला, कारण सात वर्षं मी माझी बाजू भक्कम धरून बसलो होतो आणि या माणसानं ती न विचारता हलकी करून टाकली. मी तिथल्या तिथे दोन फेऱ्या मारल्या. मग माझ्यातला धंदेवाला पुढे आला. सौद्यात दोघंही आपापल्या आकड्यावर अडले की आकडा बाजूला ठेवायचा आणि समोरचा दुसरं काय देऊ शकतो ते बघायचं, एवढं मला कळतं.

"चुकलात का, ते सोडा," मी म्हटलं. "मला लागलं, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मग इतकी वर्सं इथं काय विहिरीतले मासे मोजतोय?"

"तर तेवढंच बोला."

"तेवढं चालंल तुला?"

"चालवून घेतो."

मामा उठले. विहिरीपाशी दार नव्हतं, पायरी नव्हती. तरी ते दोन पावलं मागे सरून, दाराबाहेर उभे राहतात तसे उभे राहिले आणि म्हणाले, "सिमाव, तुला लागलं. मला वाईट वाटलं."

आता मी काहीतरी बोलणं भाग होतं. मी याची तयारी केलेली नव्हती. इतकी वर्षं मी फक्त घ्यायची तयारी करत होतो. म्हटलं, "मामा, भाव मी पाडूनच सांगितला होता. कोंसूबायला ठाऊक नाही, हे मला ठाऊक होतं."

"ते मला तेवाच कळलं."

"पण चार माणसांत बोलायला नको होतं. मला बाजूला घेऊन झापलं असतं तर मी ऐकलं असतं."

खरं म्हणजे ऐकलं नसतं, पण मामांनी त्यावर विचार केला. अगदी मन लावून केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हां," ते म्हणाले. "चार मानसांत. ते हसले, ते माझ्यामुळं. बाजूला घेऊन बोलायला पायजे होतं. सिमाव, ते मात्र चुकलो रे."

आणि बघा, जे सात वर्षं अडून राहिलं होतं ते असं कब्रस्तानाच्या भिंतीजवळ, चपला विहिरीकाठच्या चिखलात रुतलेल्या असताना मिळालं. मी म्हटलं, चला.

आत गेलो तोवर फादर सूचना वाचत होते. कम्युनियन संपलेलं. मामा दारातच थबकले. त्यांचा चेहरा मला बघवेना. बायकोला मी रिक्षानं घरी पाठवलं आणि मामांना म्हटलं, साडेआठला मुलांची मिस्सा असते, बसू या. मुलांच्या मिस्सेत मोठी माणसं आम्ही दोघंच म्हटली तरी चालेल. टाळ्यांची गाणी. मामा चौथ्या बाकावर, मी त्यांच्या बाजूला. अर्पणाचं गाणं लागलं तशा समोरच्या सिस्टर सातच्या मिस्सेच्या सवयीनं वळून मधल्या वाटेकडे बघायला लागल्या. मामा बसून राहिले. दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून बसले होते.

मग रांग निघाली. मामा पुढे, मी मागे, आणि त्यांच्यापुढे फ्रॉक घातलेल्या मुलींची लांब ओळ. मामांचा नंबर आला. फादरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, प्रसाद उचलला आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जीभ पुढे केली.

फादर थांबले. आमच्याकडे आता जिभेवर कोणी घेत नाही. कोरोनानंतर सगळ्यांनाच हातावर देतात, आणि ही पद्धत इतकी अंगवळणी पडली की पूर्वी वेगळं होतं हे कोणाला आठवतही नाही. मामांनी ती बदललेली पाहिलीच नव्हती. ते तसेच डोळे मिटून उभे. प्रसाद घेऊन परत वळलेल्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

मी मागून त्यांचे दोन्ही हात धरून वर आणले. डावा तळवा वर, उजवा त्याच्याखाली. प्रसाद तळव्यावर ठेवला जाईपर्यंत मी ते खालून धरून ठेवले.